सांध्याआधीचा सांधा: सस्तन पिल्लांचा जबडा कसा घडतो

दक्षिण अमेरिकेत आखूड शेपटीचा एक छोटासा राखाडी ऑपॉसम राहतो. प्रयोगशाळांमध्ये त्याचा बराच अभ्यास झाला आहे. तो कांगारूच्या गटातला असला तरी त्याच्या मादीला पिशवी नसते. गर्भ पोटात असतो जेमतेम 14 दिवस, आणि मग जे पिल्लू बाहेर येतं ते साधारण एक सेंटिमीटर लांब आणि एक दशांश ग्रॅमच्या आसपास वजनाचं असतं. डोळे मिटलेले, मागचे पाय म्हणजे नुसते अंकुर. पुढचे पाय मात्र धडपडण्याइतके तयार असतात. त्यांच्या जोरावर ते आईच्या सडापर्यंत पोचतं, सड तोंडात घेतं आणि पुढचे सुमारे दोन आठवडे सोडतच नाही.

अशा नवजात पिल्लाच्या डोक्याचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तोंडाचा भाग बाकी शरीराच्या मानाने बराच पुढे गेलेला दिसतो. जीभ जाडजूड असते, टाळू असतो, खालच्या जबड्याचं हाड तयार व्हायला लागलेलं असतं. पण ते हाड कवटीला जिथे टेकायला हवं, तिथे सांधाच नसतो. हाडाचं मागचं टोक एकीकडे, कवटीचं हाड दुसरीकडे आणि मधल्या जागेत नुसती मऊ ऊती. तरीही पिल्लू दूध ओढतं, गिळतं आणि वाढतं.

मग त्याचा जबडा टेकतो कशावर? उत्तर कानात आहे. अजून कान न झालेल्या कानात, असं म्हणणं जास्त बरोबर.

आधी पूर्ण वाढलेला सांधा

कानाच्या भोकाच्या किंचित पुढे बोट ठेवून तोंड हळूहळू उघडा. सुरुवातीला बोटाखाली काहीतरी जागच्या जागी फिरतंय असं जाणवतं. तोंड आणखी उघडलं की तेच पुढे सरकतं आणि त्याच्या मागे खड्डा पडतो. फिरणं आणि सरकणं या दोन्ही हालचाली एकाच सांध्यात होतात. खालच्या जबड्याच्या हाडाचं मागचं गोलसर टोक आणि कवटीच्या बाजूच्या हाडातली खोबण, हे या सांध्याचे दोन मुख्य भाग. दोघांच्या मध्ये चिवट तंतूंची एक चकती असते. तिच्यामुळे सांध्याचे दोन कप्पे पडतात. फिरण्याची हालचाल मुख्यतः खालच्या कप्प्यात होते, सरकण्याची वरच्या.

जबड्याच्या त्या हाडाला शास्त्रज्ञ डेंटरी म्हणतात आणि खोबण असलेल्या हाडाला स्क्वॅमोसल. ही दोन नावं पुढे पुन्हा लागतील. पृष्ठवंशी प्राण्यांमध्ये जबडा या दोन हाडांच्या सांध्यावर पेलण्याची पद्धत ही सस्तन प्राण्यांची खूण मानली जाते. मासे, बेडूक, पाली, मगरी, पक्षी यांचा जबडा वेगळ्याच दोन हाडांमध्ये हलतो. वरच्या बाजूचं ते क्वाड्रेट आणि खालच्या बाजूचं आर्टिक्युलर. त्यांच्या खालच्या जबड्यात एका बाजूला अनेक हाडं असतात. आपल्याकडे त्यातलं एकच उरलं आहे, ते म्हणजे डेंटरी.

बाकीची गेली कुठे, हा प्रश्न पहिल्यांदा सुटला तो गर्भांच्या अभ्यासातून, जीवाश्म हाती येण्याच्या बराच आधी. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ कार्ल रायखर्ट यांनी 1837 मध्ये डुकराच्या गर्भांचा अभ्यास करून दाखवलं की आपल्या मध्यकर्णातली दोन हाडं जबड्याच्याच सामग्रीतून बनतात. मध्यकर्णात तीन इवलीशी हाडं असतात: हातोडी, ऐरण आणि रिकीब. हातोडी म्हणजे इतर प्राण्यांचं आर्टिक्युलर, ऐरण म्हणजे क्वाड्रेट. पुढे अर्न्स्ट गौप यांनी 1913 मध्ये हा विचार तपशिलात मांडला, म्हणून त्याला दोघांचं नाव मिळालं. याचा अर्थ असा की पालीच्या जबड्याचा जो सांधा, तोच आपल्या कानात हातोडी आणि ऐरण यांच्यामधला सांधा. आवाजाचं कंपन पुढे पोचवणारी ही जोडी एके काळी चावण्याचं काम करत होती.

विज्ञानात ऐकायला विलक्षण वाटणारी विधानं पुष्कळ असतात, पण इतक्या वेगवेगळ्या बाजूंनी तपासून पक्कं झालेलं असं विधान माझ्या पाहण्यात फार थोडं आहे. गर्भविज्ञान, जीवाश्म आणि जनुकं असे तिन्ही पुरावे इथे जुळतात. एकच उदाहरण देतो. बॅपएक्स-1 नावाचं एक जनुक माशांच्या जबड्याच्या सांध्याच्या जागी चालू असतं. झेब्राफिशमध्ये त्याचं काम थांबवलं तर तो सांधा बनतच नाही. उंदराच्या गर्भात हेच जनुक चालू दिसतं ते हातोडी आणि ऐरण यांच्यामधल्या सांध्यापाशी.

गर्भातली पहिली मांडणी

गर्भाच्या डोक्याखाली, घशाच्या दोन्ही बाजूंना सुरुवातीच्या काळात कमानींसारखे उंचवटे येतात. त्यातल्या पहिल्या कमानीतून जबडे घडतात. हाडं आणि कूर्चा बनवणाऱ्या पेशी मात्र तिथल्या मूळच्या नसतात. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या पट्टीतून घडतात, तिच्या कडेला न्यूरल क्रेस्ट नावाच्या पेशी तयार होतात. त्या तिथून निघून प्रवास करत या कमानीत येऊन वसतात.

या पेशींपैकी काहींतून दोन्ही बाजूंना कूर्चेची एकेक लांब कांडी तयार होते. योहान फ्रीडरिश मेकेल यांनी 1820 मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ती मेकेलची कूर्चा. हनुवटीपासून निघून ती मागे थेट कानाच्या जागेपर्यंत जाते, आणि तिचं मागचं टोक म्हणजेच होऊ घातलेली हातोडी. हातोडीला लागून ऐरण. म्हणजे गर्भाच्या या टप्प्यात हनुवटी आणि कान यांच्यात एकसंध कूर्चेचा दुवा असतो, आणि त्या दुव्याच्या मागच्या टोकाला एक खराखुरा सांधाही असतो. हा झाला पहिला, जुना सांधा.

डेंटरी हे हाड मेकेलच्या कूर्चेतून बनत नाही, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण इथे गोंधळ हमखास होतो. डेंटरी तयार होतं कूर्चेच्या बाहेरच्या अंगाला, मऊ ऊतीत थेट हाड साचून. कूर्चा त्याला आतून आधार देते आणि पुढे तिचा मधला भाग नाहीसा होतो. स्क्वॅमोसलही असंच, कूर्चेचा टप्पा न घेता थेट बनणारं हाड आहे.

मानवी गर्भात सातव्या-आठव्या आठवड्यात तोंडाच्या पहिल्या हालचाली सुरू होतात तेव्हा नवा सांधा वापरण्याजोगा झालेला नसतो. त्या हालचाली जुन्या सांध्यावर, म्हणजे हातोडी-ऐरणीच्या जोडीवर होतात असं मानलं जातं. माणूस असो की उंदीर, आपल्या सगळ्यांचा जबडा काही काळ पालीच्या पद्धतीने टेकलेला असतो. फक्त आपल्यात हा काळ पोटातच संपतो.

दोन टोकं एकमेकांकडे वाढतात

गुडघा किंवा बोटाचा सांधा बनतो तेव्हा आधी पेशींचा एक सलग दांडा असतो. त्यात ठरलेल्या जागी फट पडते, आणि फटीच्या दोन बाजू म्हणजे सांध्याची दोन टोकं. ती पहिल्यापासून शेजारीच असतात. जबड्याच्या सांध्याची गोष्ट वेगळी आहे. डेंटरी आणि स्क्वॅमोसल वेगवेगळ्या जागी तयार होतात, सुरुवातीला त्यांच्यात चांगलं अंतर असतं, आणि ती एकमेकांच्या दिशेने वाढत जाऊन भेटतात.

उंदरात हे सगळं काही दिवसांत उरकतं. उंदराचं गर्भारपण 19 ते 20 दिवसांचं. तेराव्या-चौदाव्या दिवसाच्या सुमारास डेंटरीच्या मागच्या टोकाशी पेशींची दाटी दिसायला लागते. एक-दोन दिवसांत तिथे कूर्चा तयार होते. ही कूर्चा विशेष आहे. हातापायांच्या हाडांत आधी कूर्चा येते आणि नंतर तिच्या जागी हाड. इथे हाड आधी आणि त्याच्या आवरणातल्या पेशींतून कूर्चा नंतर. म्हणून तिला दुय्यम कूर्चा म्हणतात. दुसरीकडे स्क्वॅमोसलवर खोबणीची जागा आकार घेत असते. सतराव्या दिवसाच्या आगेमागे मधल्या ऊतीत आधी वरचा कप्पा उघडतो, मग खालचा, आणि दोघांच्या मध्ये उरलेला पातळ पडदा म्हणजे चकती.

माणसात हाच क्रम आठवड्यांवर चालतो. सातव्या-आठव्या आठवड्यात दोन्ही बाजूंच्या पेशींची जमवाजमव, नवव्या ते अकराव्या आठवड्यात कप्पे उघडणं, बाराव्या आठवड्यानंतर सांधा पक्का होत जाणं. आपल्यात खालचा कप्पा आधी उघडतो, उंदराच्या उलट.

ही दोन टोकं एकमेकांवर किती अवलंबून आहेत, हे उंदरांवरच्या प्रयोगांतून कळलं. जबड्याचं टोक तयारच होऊ दिलं नाही, तरी कवटीवरची खोबण बनायला सुरुवात होते, पण ती टिकत नाही. समोरून येणाऱ्या टोकाकडून तिला सतत काहीतरी संकेत लागतात. चकतीचंही तसंच आहे. इंडियन हेजहॉग नावाचं एक संकेत देणारं प्रथिन जबड्याच्या टोकाच्या कूर्चेत तयार होतं. ते नसलेल्या उंदरांमध्ये चकती टोकापासून नीट सुटी होत नाही, आणि कप्पे व्यवस्थित उघडत नाहीत.

सांध्याच्या आतल्या पृष्ठभागांवर गुडघ्यासारखी काचेसारखी गुळगुळीत कूर्चा नसते, दाट तंतुमय थर असतो. त्याच्याखाली नव्या पेशी पुरवणारा पातळ थर, त्याखाली कूर्चा आणि मग हाड. लहान वयातल्या सांध्याचा हा छेद मला या विषयातला सगळ्यात बोलका वाटतो, कारण सांधा आणि वाढीचं ठिकाण दोन्ही एकाच जागी आहेत. मांडीच्या हाडात वाढीची पट्टी सांध्यापासून थोडी लांब, हाडाच्या आत सुरक्षित असते. जबड्यात ती थेट सांध्याच्या पृष्ठभागाखाली असते. सांध्यावर काय गुदरतं, याचा परिणाम वाढीवर लगेच होतो तो त्यामुळे. हा मुद्दा शेवटी पुन्हा येईल.

मधल्या काळात भार कोण घेतं

आता पुन्हा ऑपॉसमकडे. उंदीर जन्मतो तेव्हा त्याचा नवा सांधा बनलेला असतो. ऑपॉसम त्याच्या फार आधीच्या टप्प्यात जन्मतो. त्याचा डेंटरी-स्क्वॅमोसल सांधा जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांनी आकाराला येतो. तोपर्यंत खालचा जबडा मेकेलच्या कूर्चेमार्फत हातोडीशी, हातोडी ऐरणीशी आणि ऐरण कवटीच्या तळाशी अशा साखळीवर टेकलेला असतो. जुना पूल वाहतुकीला खुला ठेवून शेजारी नवा पूल बांधावा, तशी ही व्यवस्था आहे.

या साखळीचा शेवटचा दुवा, म्हणजे ऐरण आणि कवटी यांच्यातली जागा, याकडे फारसं लक्ष गेलं नव्हतं. नील अँथवाल, अबिगेल टकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 मध्ये वेगवेगळ्या सस्तन पिल्लांमध्ये नेमकी हीच जागा तपासली. अंडी घालणाऱ्या सस्तन प्राण्यांत, म्हणजे प्लॅटिपस आणि एकिड्ना यांच्या पिल्लांत, ऐरण कवटीच्या तळाला कूर्चेने चक्क जोडलेली आढळली. कवटीचा पक्का आधार मिळाल्यामुळे हातोडी-ऐरणीच्या सांध्यावर जबडा पेलता येतो. ऑपॉसमसारख्या पिल्लांमध्ये ऐरण जोडलेली नसते. तिथे ऐरण आणि कवटी यांच्यात दाट, लवचिक ऊतीची गादी सापडली, दाब सोसण्याजोगी. एकाच अडचणीवर दोन गटांनी काढलेले हे दोन मार्ग आहेत. उंदरासारख्या, पोटात जास्त काळ राहणाऱ्या प्राण्यांतही या जुन्या आधाराच्या खुणा गर्भावस्थेत दिसतात.

नवा सांधा काम करायला लागला की जुनी साखळी तोडावी लागते. हातोडी जबड्याला बांधलेली राहिली, तर ती आवाजाबरोबर मोकळेपणाने थरथरू शकणार नाही. उंदरात जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत मेकेलची कूर्चा हातोडीपासून सुटते. काही भागाचं अस्थिबंधात रूपांतर होतं. काही भाग खाऊन टाकणाऱ्या खास पेशी येतात, हाड झिजवणाऱ्या पेशींच्याच जातीच्या. 2017 मध्ये अँथवाल आणि टकर यांच्याच गटाने दाखवलं की या पेशी नसलेल्या उंदरांत कूर्चा तुटतच नाही, कान आणि जबडा जोडलेलेच राहतात.

पूर्ण वाढलेल्या माणसातही या जोडणीचे अवशेष सापडतात. कवटीच्या तळापासून जबड्याच्या आतल्या बाजूला येणारा एक अस्थिबंध मेकेलच्या कूर्चेच्या जागेतूनच आलेला आहे. शिवाय सांध्याच्या चकतीच्या मागच्या भागातून निघून कवटीतल्या एका अरुंद फटीतून हातोडीपर्यंत जाणारा बारीक तंतुमय दुवाही असतो.

जीवाश्मांत काय दिसतं

दोन सांधे एकाच वेळी असण्याची स्थिती फक्त पिल्लांत नाही, ती जीवाश्मांतही आहे, आणि तिथे ती पूर्ण वाढलेल्या प्राण्यांमध्ये आहे. सुमारे 20.5 कोटी वर्षांपूर्वीचा मॉर्गन्युकोडॉन हा चिचुंदरीएवढा प्राणी. त्याच्या जबड्यात जुना आणि नवा असे दोन्ही सांधे शेजारी शेजारी काम करत होते. चीनमध्ये सापडलेला, 2011 मध्ये वर्णन झालेला लियाओकोनोडॉन हा पुढचा टप्पा दाखवतो. त्यात नवा सांधा पक्का झालेला आहे, पण हाड झालेली मेकेलची कूर्चा कानाच्या हाडांना अजून जबड्याशी धरून आहे. आजच्या पिल्लांमध्ये काही दिवस टिकणारी मांडणी या प्राण्याने आयुष्यभर वागवली.

2024 मध्ये ब्राझीलमधल्या जीवाश्मांवरच्या अभ्यासाने यात एक महत्त्वाची भर घातली. सुमारे 22.5 कोटी वर्षांपूर्वीच्या रिओग्रांदिया या प्राण्यात डेंटरी आणि स्क्वॅमोसल यांचा संपर्क आढळला. त्याच काळातला ब्राझिलोडॉन हा सस्तन प्राण्यांचा जास्त जवळचा नातेवाईक, पण त्याच्यात तो नव्हता. म्हणजे नव्या सांध्याकडे जाणारी वाट एकदाच सापडली आणि सगळे तिच्यावरून चालले, असं झालेलं नाही. वेगवेगळ्या शाखांनी ती स्वतंत्रपणे चोखाळली.

इथे एक सावधगिरी हवी. गर्भ किंवा पिल्लू पूर्वजांची नक्कल करत नसतं. मॉर्गन्युकोडॉन दोन सांध्यांवर कीटक चावत होता. ऑपॉसमचं पिल्लू काहीच चावत नाही, ते सड धरून ठेवतं. जुनी हाडं त्याच्या कामी येतात ती त्याच्या आजच्या गरजेसाठी. शाळेत कधी तरी ऐकलेलं ‘गर्भ उत्क्रांतीची उजळणी करतो’ हे वाक्य म्हणूनच सोडून दिलेलं बरं.

दुधाने दिलेली सवड

अंड्यातून बाहेर पडलेल्या पालीच्या पिल्लाला लवकरच स्वतःचं भक्ष्य पकडायचं असतं. त्याचा जबडा पहिल्यापासून चावण्याजोगा असावा लागतो, दातही हवेत. सस्तन पिल्लाला ही घाई नाही, कारण त्याचं सुरुवातीचं सगळं अन्न द्रव असतं. दूध ओढण्यासाठी जीभ, गाल, टाळू आणि घसा यांचा ताळमेळ लागतो. जबड्यावर चावण्याचा मोठा दाब येत नाही. म्हणून सांधा उशिरा तयार झाला तरी चालतं, आणि कानाच्या इवल्याशा हाडांवर काही दिवस जबडा टेकवून ठेवणंही परवडतं. दूध नसतं तर या नाजूक सांध्याला सावकाश घडायची सवड मिळाली नसती, असं माझं मत आहे. दूध म्हटलं की आपण पोषणाचा आणि रोगप्रतिकाराचा विचार करतो. सांगाड्याला मिळणाऱ्या या सवडीचा उल्लेख क्वचितच होतो.

ही सवड प्रत्येक जातीत वेगळी असते. गिनीपिगचं गर्भारपण सव्वादोन महिन्यांच्या आसपास असतं. पिल्लू डोळे उघडे ठेवून, अंगावर केस आणि तोंडात दात घेऊन जन्मतं आणि पहिल्या काही दिवसांतच घन अन्न कुरतडायला लागतं. त्याच्या दुधाच्या दातांचा काळ तर पोटातच संपलेला असतो. उंदराचं पिल्लू मात्र तिसऱ्या आठवड्याच्या आसपास चावायला शिकतं.

वापरातून येणारा आकार

मानवी बाळ जन्मतं तेव्हा सांध्याचे सगळे भाग जागेवर असतात, पण आकार अजून यायचा असतो. कवटीवरची खोबण जवळजवळ सपाट असते. मोठ्या माणसात खोबणीच्या पुढे हाडाचा जो उंचवटा असतो, ज्यावरून तोंड उघडताना जबड्याचं टोक घसरत पुढे जातं, तो बाळात नसल्यातच जमा. जबड्याचा मागचा, कानाकडे वर जाणारा भाग बुटका आणि तिरका असतो. हनुवटीपाशी दोन अर्धे अजून एक झालेले नसतात, ते पहिल्या वर्षात जुळतात. दूध पिणाऱ्या तोंडाला हे सोयीचंच आहे. सपाट सांध्यावर जबडा पुढे-मागे सहज सरकतो, आणि चोखताना बाळाला हीच हालचाल हवी असते.

दात यायला लागले, चावणं सुरू झालं की चित्र बदलतं. दुधाचे दात पूर्ण होईपर्यंत तो उंचवटा मोठेपणीच्या उंचीच्या साधारण निम्मा झालेला असतो. पहिली काही वर्षं वाढ झपाट्याने होते, नंतर मंद, आणि विसाव्या वर्षाच्या आसपास तो जवळजवळ पूर्ण होतो. तोवर जबड्याच्या टोकावरची कूर्चा नवं हाड पुरवत राहते, जबड्याचा मागचा भाग उंच होतो आणि खालचा चेहरा पुढे-खाली सरकतो. किशोरवयात मुलांची हनुवटी एकदम ठळक दिसायला लागते, त्यातही या कूर्चेचा वाटा आहे.

हालचाल आणि दाब यांचा या सगळ्यात किती वाटा, हे तपासणारे प्रयोग जुने आहेत. अंड्यातल्या कोंबडीच्या गर्भाचे स्नायू औषधाने लुळे केले, तर डोक्याच्या काही हाडांवर येणारी दुय्यम कूर्चा तयारच होत नाही. स्नायूच बनू शकत नाहीत अशा उंदरांच्या गर्भात जबड्याच्या टोकावर कूर्चा येते, पण टिकत नाही. जन्मानंतरही तेच. उंदीर-सशांच्या पिल्लांना दूध सुटल्यावर सतत मऊ अन्न दिलं, तर बहुतेक प्रयोगांत टोकावरची कूर्चा पातळ राहिलेली दिसते. आराखडा जनुकं देतात, सुरुवातही तीच करतात. पण तो आराखडा पूर्णत्वाला जाण्यासाठी स्नायूंनी ओढत राहावं लागतं, तेही जन्माच्या आधीपासून.

पुढे प्रत्येक प्राणी आपापल्या अन्नाप्रमाणे वेगळा होतो. युरोपीय बॅजरमध्ये खोबणीच्या पुढच्या आणि मागच्या कडा इतक्या वाढतात की जबड्याचं टोक त्यात अडकून बसतं आणि सांधा निखळणं जवळजवळ अशक्य होतं. उंदरात खोबण म्हणजे पुढून मागे जाणारी चर. जबडा पुढे घेतला की पुढचे दात कुरतडतात, मागे नेला की दाढा भरडतात. रवंथ करणाऱ्यांमध्ये सांधा चपटा आणि दाढांच्या रांगेच्या बराच वर असतो, त्यामुळे जबडा आडवा फिरतो. प्लॅटिपसच्या पिल्लात चकतीची सुरुवात दिसते आणि मोठेपणी ती नाहीशी होते. चकती ही सस्तन प्राण्यांच्या पूर्वजांपासून चालत आलेली असावी, हे मानायला तेवढा पुरावा मला पुरेसा वाटतो.

घडण बिघडते तेव्हा

कान आणि जबडा एकाच कमानीतून येत असल्यामुळे जन्मजात दोष बऱ्याचदा दोघांत एकदम दिसतात. चेहऱ्याची एक बाजू लहान राहणाऱ्या काही मुलांमध्ये त्याच बाजूचा कान अर्धवट असतो, ऐकायला कमी येतं आणि जबड्याचं टोकही लहान किंवा गायब असतं. ऑरिक्युलोकंडायलर सिंड्रोम हा दुर्मीळ विकार तर कानाच्या पाळीची विशिष्ट खाच आणि जबड्याच्या टोकाचा दोष, असा जोडीनेच येतो. वरचा जबडा कुठला आणि खालचा कुठला हे पहिल्या कमानीतल्या पेशींना सांगणारी एंडोथेलिन नावाची संकेतसाखळी यात बिघडलेली असते. बाळाच्या कानाची रचना वेगळी दिसली तर जबडाही तपासून घ्यायला हवा, आणि जबडा लहान दिसला तर श्रवणचाचणी.

जन्मानंतरचा मोठा धोका म्हणजे मार. लहान मूल हनुवटीवर पडतं तेव्हा धक्का जबड्याच्या हाडातून मागे जातो आणि थेट सांध्यावर पोचतो. या वयात जबड्याचं टोक मऊ, रक्तवाहिन्यांनी भरलेलं असतं. ते चिरडलं, सांध्यात रक्त साचलं आणि जबडा हलेनासा झाला, तर पुढे काही मुलांमध्ये टोक आणि खोबण हाडाने एकमेकांना जोडली जातात. कानाचा जुना, दुर्लक्षित जंतुसंसर्गही सांध्यापर्यंत पसरून हेच करू शकतो. तोंड उघडणं कमी होत जातं. वाढीचं ठिकाण सांध्यातच असल्यामुळे त्या बाजूचा जबडा वाढायचा थांबतो, हनुवटी दुखावलेल्या बाजूला वळते. दोन्ही बाजूंना झालं तर ती मागेच राहते, आणि काहींना झोपेत श्वासाचाही त्रास होतो.

हनुवटीवरची जखम टाके घालून भरते आणि तिथेच विषय संपतो, असं पुष्कळदा होतं. म्हणून हनुवटीवर पडलेल्या मुलाचं तोंड पूर्ण उघडतं का, उघडताना जबडा एका बाजूला जातो का, कानापुढे दाबल्यावर दुखतं का, एवढं तरी बघायला हवं. त्यातलं काहीही आढळलं तर दंतशल्यचिकित्सकाकडे लगेच जावं.

लहान मुलांच्या जबड्याचं टोक मोडलं तरी बहुतेक वेळा शस्त्रक्रियेची गरज पडत नाही. थोडे दिवस मऊ अन्न आणि मग लवकरच तोंड उघडण्याचे व्यायाम, असा उपचार असतो, आणि वाढत्या वयामुळे ते टोक पुष्कळदा स्वतःला नव्याने घडवून घेतं. सांधा हाडाने जोडला गेलेल्या मुलांत शस्त्रक्रिया करून तो मोकळा करावा लागतो, पण खरी लढाई त्यानंतर सुरू होते. दुखत असताना, मूल रडत असताना, दिवसातून अनेक वेळा आणि कित्येक महिने तोंड उघडण्याचा व्यायाम करून घ्यावा लागतो. तो बंद पडला तर मोकळी केलेली जागा पुन्हा हाडाने भरते.